रक्कम कोणाच्या नावे?

प्रस्तावना

सोलापुरात ‘हल्ली’ हा शब्द जरा जपून वापरावा. मराठी घरात तो ‘आजकाल’ या अर्थाने येतो आणि निघून जातो. शेजारच्या कन्नड घरात तोच शब्द ऐकून आजी भिंतीकडे बघते, कारण कन्नडमध्ये हल्ली म्हणजे पाल. बरं, मराठीतली पाल घेऊन पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरी गेलात, तर तिथं ‘पालु’ म्हणजे दूध. मराठी ताई थोरली बहीण, कन्नड तायी आई. या शहरात वाढलेलं पोर शब्द कानावर पडला की आधी दार कोणाचं ते बघतं, मग अर्थ लावतं. हे त्याला कोणी शिकवत नाही. जिन्यात खेळता खेळता येतं.

संगणकाला जिन्यात खेळायला मिळत नाही. त्याला शब्दासोबत शब्दाचं घरही लिहून द्यावं लागतं. एक्सएमएल फाइलमध्ये हे घर लिहायची जी रीत आहे, तिला नेमस्पेस म्हणतात. एक्सएमएलची दुसरी खोड म्हणजे तिथं डब्यात डबा, त्यात आणखी डबा, आणि आपल्याला हवा असलेला आकडा सगळ्यात आतल्या डब्यात. अशा फाइलमधून नेमका तोच आकडा स्क्रिप्टने कसा काढायचा, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. विषय लहान आहे, पण त्यात चुकलं की चूक दिसत नाही आणि उधारीच्या यादीवर सही होऊन जाते. म्हणून त्यावर वेगळी पुस्तिका लिहिण्याचा खटाटोप.

ती कोणासाठी, ते आधीच सांगतो. चाटी गल्लीतल्या कापडाच्या पेढीवर, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात, किंवा एखाद्या सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करताना ज्याच्यासमोर टॅली उघडलेली असते, त्या मुलासाठी आणि मुलीसाठी. त्यांना खतावणी कळते, जमा-नावे कळतं, एक्सेलमध्ये हात चालतो. प्रोग्रामिंगचा मात्र कॉलेजात एखादा पेपर झालेला असतो आणि तो विसरलेलाही असतो. प्रोग्रामर मंडळींनी वाचायला हरकत नाही. पण त्यांना जमा-नावेचा भाग सावकाश वाचावा लागेल.

टॅलीची जन्मकथा या वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. श्यामसुंदर गोयंका यांचा धंदा कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल नि यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा. स्वतःच्या हिशोबाला साजेसं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोयंका यांना, ते लिहायला सांगितलं. १९८६ साली बंगळुरात ‘प्युट्रॉनिक्स’ या नावाने त्याची कंपनी झाली. पुढे तीच टॅली सोल्युशन्स. म्हणजे गिरण्यांच्या व्यवहारातून निघालेलं हे सॉफ्टवेअर गिरण्यांच्या गावात रुजलं यात नवल नाही. सोलापूरची जुनी मिल १८७७ सालची. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग आले, चादरीबरोबर टॉवेल आला, लाल कापडाच्या वहीची जागा टॅलीने घेतली. मालकाचा प्रश्न मात्र दीडशे वर्षांत बदललेला नाही : कोणाकडे किती येणं आहे?

टॅली त्याचं उत्तर स्क्रीनवर देते. अडचण सुरू होते ती मार्चअखेरीस, जेव्हा मालक म्हणतात, “बिलवार येणं काढ, नव्वद दिवसांपुढचं वेगळं दाखव, आणि त्यातच लॉट नंबर नि गाडी नंबर पण टाक.” लॉट आणि गाडी हे रकाने टॅलीचे मूळचे नसतात, आपल्या धंद्यासाठी कोणाकडून तरी करवून घेतलेले असतात. तयार रिपोर्टात ते बिलाशेजारी येऊन बसतीलच असं नाही. मग व्हाउचर एक्सएमएलमध्ये बाहेर काढायची आणि हवं ते वेचून घ्यायचं, हा रस्ता उरतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडली की हजारो ओळी आणि प्रत्येक ओळीला कंस. इथं बहुतेक जण कॉपी-पेस्टकडे वळतात आणि रात्र काढतात.

त्या फाइलचा एक तुकडा जवळून पाहू. चाळीस डझन टॉवेल, पाचशे रुपये डझनाने, म्हणजे २०,००० रुपयांचा माल. त्यावर पाच टक्के जीएसटी, केंद्राचे ५०० आणि राज्याचे ५००. ग्राहकाच्या नावे २१,०००. टॅली याची जी फाइल देते, तिचं हाड खाली दाखवलं आहे. खुणांची नावं मी मराठीत केली आहेत आणि जीएसटीच्या दोन नोंदी जागेसाठी गाळल्या आहेत. (एक्सएमएलमध्ये खुणेचं नाव देवनागरीत लिहिणं नियमाला धरूनच आहे. आपण लिहीत नाही, एवढंच.)

<व्हाउचर>
  <खातं>
    <नाव>ग्राहक</नाव>
    <रक्कम>-२१०००</रक्कम>
    <बिल>
      <क्रमांक>११२</क्रमांक>
      <रक्कम>-२१०००</रक्कम>
    </बिल>
  </खातं>
  <माल>
    <वस्तू>टॉवेल</वस्तू>
    <रक्कम>२००००</रक्कम>
    <विभागणी>
      <नाव>विक्री</नाव>
      <रक्कम>२००००</रक्कम>
    </विभागणी>
    <आमचं:लॉट>७</आमचं:लॉट>
  </माल>
</व्हाउचर>

एका बिलात ‘रक्कम’ किती वेळा आली ते मोजा. चार इथं, दोन गाळलेल्या जीएसटीच्या, एकूण सहा. गोदामाची नोंद असेल तर सात. ग्राहकाचे २१,००० खात्यापाशी एकदा येतात आणि त्याच खात्याच्या पोटात, बिलाच्या विभागणीत, पुन्हा येतात. मालाचे २०,००० मालापाशी एकदा आणि विक्रीच्या विभागणीत पुन्हा. यात टॅलीचं काही चुकलेलं नाही. खात्याची रक्कम आणि बिलाची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राहकाने एका चेकमध्ये तीन बिलं भागवली की हा फरक लख्ख दिसतो. पण स्क्रिप्टला ‘जिथं जिथं रक्कम दिसेल तिथून उचल’ असं सांगितलं, आणि उणे चिन्हं पुसून बेरीज केली, तर २१,००० च्या बिलाचे ८३,००० होतात.

हे मी हिशोब करून सांगत नाही, भोगून सांगतो. माझ्या पहिल्या स्क्रिप्टने ग्राहकाच्या खात्याखालच्या सगळ्या रकमा गोळा केल्या आणि एका पेढीची उधारी बरोबर दुप्पट करून ठेवली. एरर नाही, लाल अक्षर नाही, छान रंगीत एक्सेल. मालकांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “एवढं येणं असतं तर मी इथं बसलो असतो का?” त्यांनी एक्सएमएल कधी पाहिलेलं नव्हतं. पण प्रत्येक रकमेमागे त्यांना एक तोंड दिसत होतं, आणि माझ्या स्क्रिप्टला दिसत नव्हतं. आतली नोंद काढताना नुसतं नाव पुरत नाही. व्हाउचरपासून खात्यात, खात्यातून बिलात, बिलातून रकमेपर्यंत, असा पूर्ण रस्ता सांगावा लागतो. पुस्तिकेचा पहिला भाग या रस्त्याचा आहे.

दुसरा भाग ‘आमचं:लॉट’ या ओळीतल्या दोन टिंबांचा.

खऱ्या फाइलमध्ये ‘आमचं’च्या जागी ‘यूडीएफ’ ही तीन अक्षरं असतात. यूझर डिफाइन्ड फील्ड, म्हणजे वापरणाऱ्याने स्वतः घडवलेला रकाना. टॅलीमेसेज या खुणेवर एक जाहीरनामा असतो : यूडीएफ हा उपसर्ग जिथं दिसेल, तिथं ‘टॅलीयूडीएफ’ हे घर समजावं. उद्या टॅलीने स्वतःच लॉट नावाचा रकाना आणला, तरी त्यांचा लॉट आणि आपला लॉट एकमेकांत मिसळणार नाहीत. दोघांची घरं वेगळी.

यात उपसर्ग कोणता आणि घर कोणतं, हा फरक समजला की निम्मं काम झालं. तो समजायला सोलापूरकराला आपली चादर पुरे. चादर कुठेही विणता येते. तिच्यावर ‘सोलापुरी’ असं लेबल चिकटवणंही कोणाला अवघड नाही; बाहेर विणलेला माल या नावाने खपवला जातो ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार. म्हणून सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन घेतलं गेलं. मानांकनाची नोंद चेन्नईच्या रजिस्ट्रीत असते, आणि वाद झाला तर लेबल न बघता ती नोंद बघतात. एक्सएमएलमध्ये उपसर्ग हे लेबल आहे आणि त्यामागचा नेमस्पेसचा पत्ता ही नोंद. फाइल बनवणारा उद्या यूडीएफच्या जागी नुसतं ‘यू’ लिहू शकतो. पत्ता तोच असेल तर अर्थ तोच राहतो. उलट, उपसर्ग तोच ठेवून पत्ता बदलला तर माल वेगळा. चांगली स्क्रिप्ट लेबल वाचत नाही, नोंद तपासते. योगायोग असा की, नेमस्पेसचा नियम जानेवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आपल्याकडचा भौगोलिक मानांकनाचा कायदाही १९९९ चाच. नाव कोणाचं, हा प्रश्न एकाच वर्षी संगणकवाल्यांनाही पडला होता आणि संसदेलाही.

पत्ता म्हटलं की मुलं तो ब्राउझरमध्ये टाकून बघतात. बहुतेक नेमस्पेस वेबच्या पत्त्यासारख्या दिसतात, पण तिथं काही असायलाच हवं असं नाही. ती फक्त एक अक्षरमाळ. अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, एवढीच अट. शेवटची तिरकी रेघ राहिली, एचटीटीपीला एक ‘एस’ जास्त लागला, लहान-मोठं अक्षर चुकलं, तर घर दुसरं. ‘टॅलीयूडीएफ’ तर पत्त्यासारखं दिसतही नाही. असे अर्धवट पत्ते वापरू नयेत असं एक्सएमएलच्या नियमकर्त्यांनी २००० साली ठरवलं. म्हणून काही साधनं टॅलीची फाइल उघडताना ‘पत्ता पूर्ण नाही’ अशी सूचना देतात. सूचना वाचावी आणि पुढे जावं. तिने काम अडत नाही.

काम अडतं ते निराळ्या ठिकाणी, आणि त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. एक्सएमएलचा नियम फेब्रुवारी १९९८ चा. नेमस्पेस त्यानंतर वर्षभराने आली, म्हणजे घर बांधून झाल्यावर दारावर पाट्या लावल्या. फाइलमध्ये रस्ता सांगायची भाषा, एक्सपाथ, नोव्हेंबर १९९९ ची. तिच्या पहिल्या आवृत्तीत असं ठरलं की उपसर्ग न लावता नाव लिहिलं, तर त्याचा अर्थ ‘ज्याला घरच नाही असं नाव’. आता पुष्कळ फाइलींत वरच एक ओळ असते : खाली बिनउपसर्गाची जी जी नावं येतील, ती सगळी अमुक घरची समजा. डोळ्याला नाव साधं दिसतं. आपण साधंच नाव शोधतो. स्क्रिप्ट बेघर नाव शोधत हिंडते, फाइलमध्ये बेघर कोणीच नसतं, आणि उत्तर येतं रिकामी यादी. चूक झाली असं कोणी सांगत नाही. नवशिक्याचे सगळ्यात जास्त तास या रिकाम्या यादीने खाल्ले आहेत. गुणधर्मांचं, म्हणजे खुणेच्या आत लिहिलेल्या जोडनोंदींचं, आणखी वेगळं : त्यांना हे वरचं सरसकट घर लागूच होत नाही. हे सगळं तर्काने शोधून सापडत नाही, माहीत असावं लागतं.

उपाय सोपा आहे. शोधताना स्क्रिप्टच्या हातात एक छोटी यादी द्यायची, कोणता उपसर्ग म्हणजे कोणता पत्ता. तो उपसर्ग फाइलमधलाच असला पाहिजे असंही नाही. आपण आपला ‘क’ ठेवला तरी चालतं, पत्ता जुळला की झालं. पायथॉन भाषेतल्या एलिमेंटट्री या साधनात दुसरी रीत आहे, महिरपी कंसात पूर्ण पत्ता आणि त्याला चिकटून नाव. या लिखावटीला जेम्स क्लार्क यांच्यावरून क्लार्क नोटेशन म्हणतात. दिसायला ती अवजड आहे, पण मला शिकवताना तीच आवडते. नाव आणि गाव एकाच दमात लिहिलेलं. पोस्टकार्डावर लिहितात तसं.

सोपी पळवाटही आहे, आणि ती सांगितली नाही तरी तुम्हाला सापडणारच. फाइल वाचण्याआधी सगळे उपसर्ग खरवडून काढायचे. किंवा ‘घर कोणतंही असो, नाव एवढं असेल तर घे’ असं सांगायचं, पायथॉनच्या ३.८ आवृत्तीपासून कंसात फुली घालून हे अधिकृतपणे करता येतं. एकदाच वापरायची, हाताने तपासता येईल एवढी यादी असेल तर करा. मीही करतो. पण जी स्क्रिप्ट दर महिन्याला चालणार आहे, जी तुम्ही नोकरी सोडल्यावर दुसरं कोणी चालवणार आहे, तिच्यात पाट्या काढून टाकणं म्हणजे वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची कुलुपं एकाच किल्लीची करण्यासारखं. पहिला महिना फार सोयीचं वाटतं.

‘स्क्रिप्ट’ या शब्दाने मात्र कोणी दचकू नये. आपल्या गावाचा नावलौकिक स्क्रिप्टवरच उभा आहे. चादरीवरचा मोर किंवा फुलांची वेल मागावर कोणी चित्र काढून उमटवत नाही. जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. भोक असेल तिथं उभा धागा उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये बसवलेल्या या युक्तीवरून पुढे चार्ल्स बॅबेजला आपल्या गणनयंत्रासाठी पुठ्ठ्यांची कल्पना सुचली. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं आणि पुठ्ठ्यांची जागा फाइलने घेतली. पण ज्या घरात पुठ्ठ्यांच्या माळा पाहत आजोबा मोठे झाले, त्या घरातल्या नातवाला ‘पायरी एक, पायरी दोन’ हा प्रकार परका का वाटावा? पुठ्ठा चुकीच्या जागी ओवला तर माग थांबत नाही, नक्षी बिघडवत पुढे जातो, हेही त्या घराला ठाऊक आहे.

फाइलच उघडत नाही, असंही होतं. टॅलीच्या निर्यातीत कधी कधी ‘प्रायमरी’ किंवा ‘नॉट अॅप्लिकेबल’ अशा शब्दांआधी चौथ्या क्रमांकाचं एक नियंत्रण-चिन्ह, आकड्यात लिहिलेलं, येतं. एक्सएमएलच्या १.० नियमात बत्तीसच्या आतल्या चिन्हांपैकी टॅब आणि ओळ बदलायची दोन चिन्हं सोडून बाकी सगळी निषिद्ध आहेत. त्यामुळे नियमाने चालणारं साधन पहिल्याच अशा चिन्हापाशी हात वर करतं. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून तेवढी चिन्हं आधी काढायची आणि मग वाचायला घ्यायचं. ‘चुका दुरुस्त करून वाच’ असा पर्याय काही साधनांत असतो. तो काय गाळतो ते सांगत नाही, म्हणून मी तो हिशोबाला वापरत नाही. निर्यात करताना युनिकोड हा पर्याय निवडावा. अॅस्की निवडलं तर देवनागरीत लिहिलेली खातेदारांची नावं तिथंच संपतात. आणि मोठ्या फाइलमधून मधलाच एक तुकडा कापून घेऊन प्रयोग करायची सवय असेल, तर वरची जाहीरनाम्याची ओळ मागे राहते आणि साधन म्हणतं, उपसर्ग ओळखीचा नाही. कापणार असाल तर गावाची पाटीही सोबत घ्या.

नमुन्यात ग्राहकाची रक्कम उणे का, हा प्रश्न एव्हाना पडला असेल. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे पडलेली रक्कम उणे लिहितात आणि जमेची अधिक. म्हणजे आपल्याला येणं असलेले पैसे उणे दिसतात. वर्गात इथं दर वेळी गोंधळ होतो, आणि दर वेळी मी उजनी धरणाचं उदाहरण देतो. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी; त्यातली त्रेसष्ट-चौसष्ट टीएमसी मृतसाठ्यात धरलेली. टक्केवारी मोजतात ती वरच्या उपयुक्त साठ्याची. उन्हाळ्यात उपयुक्त पाणी संपलं की पेपरात छापून येतं, ‘उजनी उणे वीस टक्के’. बाहेरगावचा माणूस विचारतो, धरणात शून्याहून कमी पाणी कसं? सोलापूरकर विचारत नाही. शून्य कुठून धरलं ते त्याला ठाऊक आहे. उणे-अधिक, टक्के, डझन, किलो, सगळ्यांचं असंच. शून्य कुठं मांडलं हे सोबत नसेल तर आकडा अर्धाच. टॅलीत भाव सुद्धा ‘पाचशे दर डझन’ असा एककासकट एकाच मजकुरात येतो. त्यातलं एकक कापून फेकलं की डझनाचा भाव नगाला लागतो.

ही विद्या टॅलीपुरती नाही. भीमेला किंवा सीनेला पाणी वाढलं की मोबाइलवर इशारे येतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही इशाऱ्यांची यंत्रणा कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल या जागतिक नमुन्यावर चालते, आणि तो नमुना म्हणजे नेमस्पेस असलेलं एक्सएमएलच. वर इशारा, त्याच्या पोटात माहिती, माहितीच्या पोटात क्षेत्र. एकाच इशाऱ्यात भाषेगणिक माहितीचे वेगळे गठ्ठे असू शकतात. पहिला दिसला तो उचलला तर पंढरपूरच्या माणसाला भलत्याच भाषेत इशारा जाईल. नमुन्याच्या १.१ आणि १.२ या आवृत्त्यांच्या नेमस्पेस वेगळ्या, म्हणून एकीसाठी लिहिलेली स्क्रिप्ट दुसरीवर रिकामी यादी देते, आणि पुराच्या दिवसात रिकामी यादी म्हणजे काय ते सांगायला नको. शेताच्या बांधाचे नकाशे ज्या केएमएल फाइलीत असतात, त्यांचीही हीच तऱ्हा : बहुकोनाच्या पोटात बाहेरची हद्द, तिच्या पोटात कडं, त्याच्या पोटात अक्षांश-रेखांश, त्यातही रेखांश आधी. शेवटच्या प्रकरणात या दोन्हींचं एकेक उदाहरण सोडवलं आहे. टॅलीवर हात बसला असेल तर ते अर्ध्या तासाचं काम आहे.

पुस्तिका कशी वाचावी? संगणकासमोर बसून. प्रत्येक प्रकरणात एक लहान फाइल आहे आणि तिच्याखाली हाताने काढलेलं उत्तर. आधी स्वतः कागदावर बेरीज करा, मग स्क्रिप्ट चालवा. दोन्ही जुळली नाहीत तर आधी स्क्रिप्टवर संशय घ्या. रिकामी यादी आली तर तिथंच थांबा, असं प्रत्येक स्क्रिप्टला सांगून ठेवा. शून्य येणं आणि काहीच न सापडणं यांत फार फरक आहे. आणि निघालेली एकूण बेरीज टॅलीच्या स्क्रीनवरच्या बेरजेशी पैशापर्यंत जुळेपर्यंत कागद मालकांच्या हातात देऊ नका. या तीन सवयी लागल्या तर बाकीची पानं विसरलात तरी चालेल.

एक पथ्य मात्र कडक पाळा. ती फाइल म्हणजे दुसऱ्याच्या धंद्याचं पोट आहे. कोणाला काय भावाने दिलं, कोणाचं किती थकलं, सगळं त्यात आहे. अडलं म्हणून ती उचलून इंटरनेटवरच्या कुठल्याही ‘फुकट कन्व्हर्टर’मध्ये टाकू नका, मदत मागताना मित्रालाही जशीच्या तशी पाठवू नका. नावं आणि रकमा बदलून चार ओळींचा नमुना करा. तो करता करताच अडलेलं सुटतं, हा माझा अनुभव आहे. पुस्तिकेतल्या सगळ्या फाइली अशाच बनवलेल्या आहेत. त्यांतला एकही ग्राहक या गावात राहत नाही.

आता ऋण. ज्या मालकांनी चष्मा वर करून माझी दुप्पट उधारी परत केली, त्यांचं पहिलं. त्यांच्या पेढीवर एक वयस्कर दिवाणजी होते. मी लॅपटॉपवर झगडत असताना त्यांनी जुनी खतावणी काढून दाखवली : डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि प्रत्येक आकड्याअगोदर कोणाचं, कशापोटी. आपल्या भाषेने डेबिटला ‘नावे’ हा शब्द कशासाठी निवडला असेल, हे मला त्या दिवशी कळलं. रक्कम एकटी लिहायचीच नाही, ती कोणाच्या तरी नावे लिहायची. पुढची शंभर पानं त्याच नियमाची उजळणी आहेत. ज्या मुलामुलींनी रविवारची सुट्टी मोडून हा मजकूर वर्गात तपासला आणि त्यात चुका काढल्या, त्यांचेही आभार. राहिलेल्या चुका अर्थातच माझ्या नावे.

सोलापूर, दिवाळी पाडवा